तावड्यांचं तेलपाणी

डिलाईल रोडवरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या तावड्यांच्या खोलीत दोन महिने एकच वाद चालू होता. मनूने कंट्रोलर घेऊन खेळायचं की कीबोर्ड आणि माऊस घेऊन? घरात माणसं तीन आणि मतं चार होती, कारण खुद्द मनूचीच दोन होती.

मनू म्हणजे कागदोपत्री मृणालिनी गंगाधर तावडे, वय पंचवीस. दिवसा ती परळच्या एका लॅबमध्ये लोकांच्या रक्तातल्या साखरेचे रिपोर्ट टाईप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर बंदुका चालवायची. कुणी विचारलं तर ललिताबाई लेकीचं पहिलं काम मोठ्याने सांगत आणि दुसरं हळू. पण त्या दुसऱ्या कामात मनू खरोखर पटाईत होती. इतकी, की लोअर परळच्या एका कंपनीने आपल्या पगारी टीमच्या निवडीला तिला बोलावलं होतं. जागा एकच आणि शेवटच्या फेरीत खेळणारे सहा. निवड झाली तर रिपोर्ट कायमचे सुटणार होते, आणि चार वर्षं परक्यांची साखर टाईप करून मनूच्या तोंडाची चव गेली होती. ही जागा तिला हवी होती, मनापासून हवी होती.

अडचण हत्याराची होती. लहानपणापासून तिचा हात कीबोर्डवर बसलेला. डाव्या हाताने बटणं दाबत पळायचं, उजव्या हातातल्या माऊसने नेम धरायचा. पण त्या टीममधले सगळे कंट्रोलरवाले. टीमचा प्रमुख अभय तिला म्हणाला होता की कंट्रोलर शिकलीस तर आमच्याशी लवकर जुळशील, शिवाय नेम धरायला गेम स्वतःच जराशी मदत करतो. मनूने कंट्रोलर आणला, दोन महिने त्यावर अंगठे झिजवले आणि शेवटी तिला दोन्ही सारखंच यायला लागलं. त्यामुळे तर निर्णय आणखी अवघड झाला.

मनूचे वडील तावडे अडुसष्ट वर्षांचे. गिरणीच्या साचाखात्यात त्यांनी आयुष्यभर कापड विणायचे दोन साचे चालवले होते. गिरणी बंद पडून वीस वर्षं होऊन गेली, पण घरात कुठलीही नवी वस्तू आली की तावडे ती आधी उलटी करून बघत. कंट्रोलरही त्यांनी उलटा करून पाहिला, त्याच्या दांड्या फिरवल्या, कानाशी धरला आणि निकाल दिला की वस्तू चांगली आहे, हातात नीट बसते, पण नेमाला मदत करते हे काही बरं नाही. मदतीची सवय लागली की हात आळसावतो. ललिताबाईंचं मत कंट्रोलरला होतं, कारण तो चपातीच्या डब्यात मावत होता आणि कीबोर्ड मांडला की टेबलावर ताटं ठेवायला जागा उरत नव्हती.

आणि निवडीची तारीख निघाली नेमकी खंडेनवमीची, दुपारी तीनची.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळ्याच घरांत होते. तावड्यांच्या घरात त्याला एक पोटनियम होता. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटेपर्यंत पाटावरून हलवायचं नाही. हा नियम तावड्यांनी साचाखात्यातून आणला होता. एका नवमीला तातडीची ऑर्डर आली म्हणून हार घातलेला साचा त्यांना चालवायला लावला, आणि त्याच पाळीत सूत घेऊन धावणारा धोटा उडून त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं करून गेला. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. एका वर्षी शिलाई मशीन पूजेत अडकलं, तर शेजारच्या गंगुबाई एकच बाही लागलेला ब्लाऊज पदराखाली झाकून पुतण्याचा साखरपुडा उरकून आल्या. एका वर्षी पाना पूजेत होता, तर मोरीचा नळ एक दिवस आणि एक रात्र गळत राहिला आणि तावडे स्वतः स्टुलावर बसून बादल्या बदलत राहिले.

म्हणून मनूने नवमीच्या आदल्या दिवशी लॅबला निघताना सांगून टाकलं. "बाबा, फायनल. उद्या कंट्रोलर. कीबोर्ड ठेव तू पूजेला."

तावड्यांना जरा वाईट वाटलं. पण लेकीने ज्याच्यावर हात बसवला ते हत्यार सन्मानाने पाटावर बसणार, तर त्याची तयारीही सन्मानाने झाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. साचाखात्यात नवमीच्या आदल्या दिवशी साचे धुऊनपुसून त्यांना तेलपाणी करायची रीत होती. तेल घालायला गिरणीत वेगळा माणूस असे, पण तावडे आपल्या दोन साच्यांना त्याला हात लावू देत नसत. तेल रगडीला, म्हणजे लोखंड लोखंडाला घासतं तिथे जायला हवं, कापडाला नव्हे, आणि हे सगळ्यांना जमत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

ललिताबाई भायखळ्याला बहिणीकडे गेल्या होत्या. तावड्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा चढवला आणि चमच्याच्या दांड्याने कीबोर्डच्या एकशे चार बटणांच्या टोप्या एकेक करून उचकटल्या. आत जे काही निघालं त्यात चिवड्यातले शेंगदाणे ओळखू आले, बाकीचं नाही. सगळ्या टोप्या त्यांनी साबणाच्या पाण्यात घातल्या. मग शिलाई मशीनच्या तेलाची बुधली काढली, गोधडीची जाड सुई घेतली आणि सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब टोपीखालच्या प्रत्येक कळेच्या कडेला सोडत गेले. एकशे चार कळा, एकशे चार थेंब. मध्ये एकदा ते चहाला उठले, पण पाणी उकळायच्या आत परत येऊन बसले. कितीतरी वर्षांनी वाकडं बोट धरून पाचही बोटांना एकदम काम मिळालं होतं, आणि तावडे मनापासून खूश होते.

टोप्या सुकल्या आणि परत बसवायची वेळ आली. लांब-आखूड टोप्या आपापल्या मापात बसल्या. आकडे क्रमाने बसले. सगळ्यात वरची एफ-एक ते एफ-बारा ही रांगही क्रमाने बसली. राहिली अक्षरं. आता मुळात ती कशी होती हे तावड्यांना नेमकं आठवेना, पण विस्कटलेली होती एवढं पक्कं आठवत होतं. ते नेहमी पाहायचे आणि मनाशी म्हणायचे, ही पोरगी कपाटही असंच ठेवते. त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर मराठी अक्षरं कशी ओळीत बसलेली होती, अ, आ, इ, ई, क, ख, ग. आकडे क्रमाने, एफची रांग क्रमाने, मग एबीसीडीनेच कुणाचं घोडं मारलंय?

पहिल्या ओळीत दहा जागा. ए ते जे. दुसरीत नऊ, के ते एस. तिसरीत सात, टी ते झेड. दहा, नऊ आणि सात म्हणजे बरोब्बर सव्वीस. चार टोप्यांवरची अक्षरं मनूच्या बोटांनी पार पुसली गेली होती, पण कोणती चार अक्षरं कमी पडतात ते बघून तावड्यांनी तीही जागेवर बसवली. काही टोप्या जरा उंचसखल झाल्या. ती झीज असणार. कीबोर्ड कापडात गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवला आणि संध्याकाळभर कुणाला काही न सांगता नुसते मिशीत हसत राहिले.

नवमीच्या सकाळी मनू कुणाच्या तरी बदलीच्या पाळीला लॅबमध्ये गेली, ती बारापर्यंत येणार होती. तावडे झेंडूला दादरला गेले. जाताना ललिताबाईंना सांगून गेले की कीबोर्ड कपाटावर आहे, तो पाटावर मांड. ललिताबाईंनी कापड सोडलं. आतून शिलाई मशीनचा वास आला. त्यांनी कीबोर्ड परत गुंडाळून ठेवला आणि शांतपणे विचार केला. तो विचार असा होता की पोरगी आज लढायला जाणार आहे ती कंट्रोलर घेऊन. मग देवाचा आशीर्वाद घरी बसणाऱ्याला कशाला?

तावडे हार घेऊन आले तेव्हा पाटावर विळी, सुऱ्या, शिलाई मशीनची कात्री, त्यांचा जुना पाना आणि मधोमध कंट्रोलर बसला होता. त्याच्या दोन्ही दांड्यांवर ओलं हळद-कुंकू होतं आणि बटणांच्या फटीत अक्षता. समोर दूध-साखरेची वाटी होती आणि त्यातलं थोडं कंट्रोलरनेही घेतल्यासारखं दिसत होतं.

"अगो, हा कसा इथे बसला? कीबोर्ड सांगितलेला ना मी?"

"लढायला जाणारं पुजायचं की घरी बसणारं? तुम्हीच सांगा."

बाईचा मुद्दा बिनतोड होता. पण पूजा झाली होती आणि नियमही बिनतोड होता. ललिताबाई म्हणाल्या की पुसून द्यायचा, त्यात काय एवढं. मग त्यांची नजर नवऱ्याच्या वाकड्या बोटावर गेली आणि त्यांनी पुसायला घेतलेलं फडकं परत ठेवून दिलं. बायकांनी, शेजाऱ्यांनी, गळक्या नळाने इतकी वर्षं हा नियम पाळला होता, तो नियमाच्या मालकालाच आज भोवला होता.

तावड्यांना वाटलं, हरकत नाही, कीबोर्ड तर आहे. तेवढ्यात बुधाजी आले. बुधाजी शेजारच्या खोलीतले, ऐंशीच्या पुढचे, त्याच साचाखात्यात जॉबर होते, म्हणजे तावड्यांचे वरचे. निवृत्तीनंतर ते नातवाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत आणि अर्ज टाईप करून देत. तावड्यांनी कौतुकाने कापड सोडून त्यांना आपलं काम दाखवलं.

बुधाजींनी कीबोर्ड एकदा डोळ्यांजवळ आणि एकदा लांब धरून पाहिला. "गंगाधरा, ह्या काय करून ठेवलंस रे? अक्षरां अशी नसतत. जगात खंयच अशी नसतत."

"म्हणजे ती विस्कटलेलीच असतात?"

"विस्कटलेलीच असतत."

तावडे खाली बसले. साच्यावर इतकी वर्षं त्यांच्या हातून एक वार कापड डागी निघालं नव्हतं, आणि लेकीच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवशी त्यांनी तिचं हत्यार पुसून, धुऊन आणि तेल घालून निकामी केलं होतं. एक हत्यार देवाने अडवलं होतं आणि दुसरं त्यांनी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते झेंडूच्या वासाने आलं असं म्हणायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही.

मनू सव्वाबाराला आली. तिने पाटाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, बुधाजींच्या मांडीवरच्या कीबोर्डकडे पाहिलं. मग ललिताबाईंनी सगळं सांगितलं, आपली चूक थोडक्यात आणि नवऱ्याची सविस्तर.

तावडे उठले आणि पाटापाशी गेले. त्यांनी वाकडं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं.

"मनू, उचल तो कंट्रोलर."

"बाबा?"

"उचल म्हणतो ना. काय व्हायचं ते माझं होईल. माझं बोट आधीच वाकडं आहे."

ललिताबाईंनी आजवर या माणसाला हा नियम मोडताना पाहिलं नव्हतं, आणि मोडला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं असं त्या नेहमी म्हणत. आता तो मोडताना बघून त्यांना मुळीच बरं वाटलं नाही.

मनूने कंट्रोलर उचलला नाही. तिने बुधाजींकडून कीबोर्ड घेतला, कॉम्प्युटरला जोडला आणि डाव्या हाताची बोटं नेहमीच्या जागी ठेवली. गेम सुरू झाला. मनू पळाली, वळली, बसली, उठली. स्क्रीनवर सगळं बरोबर होत होतं. बोटांखाली मात्र बी, के, एल आणि एम होते.

"चालतोय?" तावड्यांनी विचारलं.

"अक्षर टोपीवर असतं रे बाबा. काम खालची कळ करते. टोपी बदलली म्हणून ती कळ थोडीच बदलते? आणि मी कुठे खाली बघते?" ती बोलता बोलता थांबली. तिने एक बटण हळूच दाबलं, सोडलं, परत दाबलं. "बाबा, तू ह्याला केलंस काय?"

"थोडं तेल घातलंय. सुईने."

मनू पुढची दहा मिनिटं नुसती खेळत राहिली. खरं तर कंट्रोलर ठरवल्यापासून तिला झोप लागली नव्हती, कारण तिला कंट्रोलर येत होता पण आवडत नव्हता, आणि हे ती स्वतःलाही सांगत नव्हती. आता तिचा हात घरी आल्यासारखा झाला होता, आणि घर धुऊनपुसून ठेवलेलं होतं. तिने कीबोर्ड कापडात गुंडाळला आणि बापाला म्हणाली, "चल तू पण."

कंपनीचं ऑफिस होतं जुन्या गिरणीच्या आवारात. गिरणी तावड्यांचीच. काचेचं दार उघडून ते आत गेले आणि वर पाहिलं तर लोखंडी खांब जागच्या जागी होते, फक्त त्यांना काळा रंग दिला होता. खांब मोजत तावडे चालत गेले. त्यांचे चौदा आणि पंधरा नंबरचे साचे जिथे होते तिथे आता कॉफीचं मशीन होतं. ते त्यांनी उलटं करून पाहिलं नाही, पण त्याची घरघर ऐकून त्याला तेल हवंय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

टेबलांच्या रांगेत सहा जण बसले. पाच कंट्रोलर आणि एक कापडातून निघालेला कीबोर्ड. अभय मागून फिरत होता. तो मनूच्या मागे आला, थांबला आणि खाली वाकला. एबीसीडी ओळीत होती. त्याने मनूला विचारलं की कंट्रोलरचं काय झालं.

"पूजेत आहे," मनू म्हणाली. "उद्या नारळ फुटला की सुटेल."

अभय ठाण्याच्या मोठ्या सोसायटीत वाढलेला. त्याने हे ऐकून गंभीरपणे मान हलवली आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

खेळ सुरू झाला. सगळे स्क्रीन बघत होते. तावड्यांना स्क्रीनवरचं काही कळत नव्हतं, कोण कुणाला का मारतंय हेही नाही. ते लेकीचे हात बघत होते. डावा हात उजव्याला विचारत नव्हता, उजवा डाव्यासाठी थांबत नव्हता, आणि तरी दोघांचं एकच काम चाललं होतं. डोळे एकीकडे, हात दुसरीकडे, आणि चूक कुठेच नाही. दोन साचे एकदम चालवणाऱ्या माणसाला हे काय असतं ते सांगावं लागत नाही. आपण शिकवलेलं नाही ते पोरीला आपल्यासारखं येतंय, हे बघून तावड्यांचा ऊर भरून आला. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाला त्यांनी दोनदा सांगितलं की ती माझी मुलगी आहे.

तीनपैकी पहिला डाव मनू हरली, कारण उंच झालेल्या एका टोपीला तिचं बोट अडखळलं. तावड्यांनी स्वतःला मनात दोन शिव्या दिल्या. दुसऱ्या डावापर्यंत बोटाने ती टोपी ओळखून घेतली. दुसरा डाव मनूने जिंकला, आणि तिसरा असा जिंकला की हरणाऱ्या पाच जणांनी कंट्रोलर खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

अभयने हात पुढे केला आणि तिला टीममध्ये घेतल्याचं सांगितलं. मनूने त्याच्याशी हात मिळवला, मग बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथेच थोडी रडून घेतली. तावडे तिच्या पाठीवर थोपटत राहिले. थोपटणाऱ्या हाताला अजून तेलाचा वास येत होता.

अभयचं लक्ष मात्र कीबोर्डवर होतं. त्याने एक बटण दाबून पाहिलं. मग चार दाबली. मग तो खुर्ची ओढून बसलाच. "हे कुणी करून दिलं? कळांना तेल घालणारे लोक मुंबईत दोन-तीनच आहेत. मी माझा जुना कीबोर्ड बंगळूरला पाठवला होता, तरी इतका मऊ आला नाही."

"माझ्या बाबांनी," मनू म्हणाली. "इथलेच आहेत ते. चौदा-पंधरा नंबरचे."

अभयला अर्थ कळला नाही, पण त्याने तावड्यांना वाकून नमस्कार केला.

दसऱ्याला नारळ फुटला आणि कंट्रोलर पाटावरून सुटला. साखरेने त्याची एक दांडी कायमची उजवीकडे चिकटली होती, त्यामुळे तो धरणारा माणूस खेळात नुसता गोल गोल फिरत राहायचा. तावड्यांनी ते बघून लगेच चष्मा मागितला, पण ललिताबाईंनी कंट्रोलर चपातीच्या डब्यात घालून डबा फळीवर उंच ठेवून दिला.

पुढच्या रविवारी सकाळी अभय चाळीत आला. बरोबर टीममधली दोन मुलं होती आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच कीबोर्ड. कंट्रोलरवाल्यांनीही आपले जुने कीबोर्ड कपाटातून काढले होते. बुधाजी जॉबरच्या हक्काने दारात खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला आत सोडू लागले. ललिताबाईंनी टेबल रिकामं करून दिलं आणि कुणी विचारायच्या आत गॅलरीभर मोठ्याने सांगितलं की मनूच्या ऑफिसमधले आलेत.

तावड्यांनी चष्मा चढवला, एक कीबोर्ड उलटा करून पाहिला, हलवला, कानाशी धरला. मग सुई पुसून घेत त्यांनी विचारलं, "तेल सगळ्यांना सारखंच घालीन. पण वरची अक्षरं कशी बसवू? कंपनीने बसवलीत तशी, की बरोबर?"

अभयने मनूकडे पाहिलं. मग आपल्या कीबोर्डकडे.

"बरोबर बसवा, काका."